फादर एल्विन आणि आपला जंगल मुलूख



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा किमान वेतन, बांबू कटाईचे दर, फार तर कामगार कायदा, असे काही तरी आम्ही सांगू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही म्हटले, एका पाद्र्याविषयी बोलू. चालक जरा चपापले. युनियनच्या माणसाला पाद्र्याचे काय? याचे उत्तर तासाभरात मिळाले तर ठीक. न मिळाल्यास शेवटी प्रश्न विचारावेत, आम्ही पळून जाणार नाही.

ज्यांच्याविषयी बोलायचे आहे त्यांचे नाव व्हेरिअर एल्विन. गोंड-बैगांत ते ‘बडा भाई’ म्हणून ओळखले जात. सरकारदरबारी डॉ. एल्विन, आणि आयुष्याची पहिली काही वर्षे फादर एल्विन. आपल्या मुलखाला पाद्री नवे नव्हते. नागपूरला स्कॉटिश मिशनचे स्टीफन हिस्लॉप १८४५ साली आले. त्यांनी शाळा काढली, दगडधोंडे आणि जीवाश्म गोळा केले, गोंडांची बोली आणि त्यांच्या लिंगोची कथा टिपून ठेवली. १८६३ साली बोरीजवळ पुरात ते बुडाले आणि त्यांचे कागद सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापून काढले. परंतु हिस्लॉप प्रेसबिटेरियन पंथाचे. आमचे आजचे पाद्री अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या राजाला आपल्या धर्मसंस्थेचा प्रमुख मानणाऱ्या चर्चचे. हा तपशील श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढले सारे भांडण या राजावरूनच आहे.

एल्विन यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०२ रोजी इंग्लंडात डोव्हर येथे झाला. वडील आफ्रिकेत सिएरा लिओनचे बिशप होते. मुलगा सात वर्षांचा होता तेव्हा, १९०९ साली, ते वारले. आई कर्मठ धार्मिक. मुलगा ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात गेला, इंग्रजी साहित्यात पहिल्या वर्गात आला, मग धर्मशास्त्रातही पहिल्या वर्गात आला. त्याने दीक्षा घेतली आणि पाद्री तयार करणाऱ्या विद्यालयात तो उपप्राचार्य झाला. तेव्हा त्याचे वय चोवीस होते. आमच्यासारख्या रात्रशाळेत आणि वाचनालयाच्या बाकावर शिकलेल्या माणसाला हे वाचताना थोडी असूया वाटते, ती लपवीत नाही. या वाटेने सरळ चालत राहिला असता तर तो बिशप झाला असता, याविषयी त्याच्या मित्रांना शंका नव्हती.

पण १९२७ साली हा तरुण बोटीत बसून हिंदुस्थानात आला. आपल्या देशबांधवांनी या देशाची जी लूट केली तिची थोडीफार भरपाई आपल्या हातून व्हावी, ही त्याची भावना होती. तो आला तो आपल्या महाराष्ट्रातच. जॅक विन्स्लो नावाच्या पाद्र्याने १९२२ साली नगरला ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला होता. हे विन्स्लो म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे. संघ पुढे पुण्याला आला. तिथे गोरे आणि काळे एका पंगतीत जमिनीवर बसून जेवत, खादी वापरीत, भजनाला टाळ घेत. आज यात काही विशेष वाटणार नाही. त्या काळी गोऱ्या साहेबाने जमिनीवर मांडी घालून नेटिवाबरोबर भात कालवणे म्हणजे कँपातल्या क्लबात आठवडाभर चर्चेचा विषय होता.

१९२८ च्या जानेवारीत एल्विन साबरमतीला गेले आणि गांधींच्या सहवासात आले. तिथून त्यांची गाडी रुळ बदलून निघाली. सत्याग्रह आणि ख्रिस्ताची शिकवण यांत विरोध नाही, असे पुस्तक त्यांनी १९३० साली लिहिले. त्याच साली आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात जंगल सत्याग्रह झाला. पुसदला बापूजी अण्यांनी गवत कापून कायदा मोडला, बैतूलकडे गोंड आणि कोरकू कुऱ्हाडी घेऊन बाहेर पडले. आपल्या जंगलातला माणूस राजकारणात आला तो असा, गवताच्या पेंढीवरून.

४ जानेवारी १९३२ ची पहाट. मुंबईत मणिभवनाच्या गच्चीवर गांधीजी झोपलेले. त्याच गच्चीवर एल्विन आणि त्यांचे सोबती शामराव हिवाळे. पोलिस अटकेला आले. सोमवार होता, गांधींचे मौन. म्हणून ते कागदाच्या चिटोऱ्यांवर लिहून निरोप देत होते. एक चिठ्ठी त्यांनी एल्विनना दिली. तिचा आशय असा, की तुझ्या देशबांधवांना सांग, माझे त्यांच्यावर माझ्या लोकांइतकेच प्रेम आहे. मग पोलिसांची मोटार निघून गेली.

शामराव हिवाळे यांच्याविषयी इथेच सांगून टाकतो, कारण चरित्रे लिहिणारे त्यांना दुसऱ्या रांगेत बसवतात. शामराव हा आपला मराठी ख्रिस्ती तरुण. पुण्याच्या संघात एल्विनना भेटला आणि मग जंगलातली वीसएक वर्षे त्याने त्यांची साथ सोडली नाही. गोंड लोक एल्विनना बडा भाई म्हणत, शामरावांना छोटा भाई. एल्विन लिहीत बसत तेव्हा दवाखान्याच्या ओसरीवर खरूज धुणारे, तंटे मिटवणारे, तांदूळ संपला की दुकानदाराची समजूत घालणारे शामराव. त्यांनी १९४६ साली परधान जमातीवर स्वतंत्र ग्रंथही लिहिला आहे, आणि तो चांगला आहे. प्रत्येक संघटनेत असा एक माणूस असतो. त्याचे नाव पत्रकावर शेवटी छापतात आणि तो आजारी पडला की कचेरी बंद पडते.

गांधींच्या गोटातून एल्विनना गोंडांकडे वळवले ते वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी. हरिजनांसाठी पुष्कळ लोक काम करीत आहेत, गोंडांकडे मात्र कोणी बघत नाही, असे त्यांचे म्हणणे. आधी बैतूलचा विचार झाला. शेवटी मंडला जिल्ह्यातले करंजिया हे गाव ठरले. आज ते मध्य प्रदेशात दिंडोरी जिल्ह्यात आहे, पण त्या वेळी मंडला आणि आपला चांदा एकाच मध्यप्रांतात, एकाच नागपूरच्या राजवटीत होते. १९३२ च्या जानेवारीअखेर हे दोघे तिथे पोचले आणि टेकडीवर कुडाच्या भिंतींची झोपडी बांधून राहिले.

आता बिशपचे प्रकरण. अँग्लिकन चर्चच्या हिशेबाने करंजिया नागपूरच्या धर्मप्रांतात येत होते आणि नागपूरचे बिशप होते अलेक्झांडर वूड. हे वूडसाहेब पूर्वी आपल्या चांद्यालाच स्कॉटिश एपिस्कोपल मिशनात पाद्री होते. म्हणजे गोंड कोण, जंगल काय, हिवताप काय, हे त्यांना ऑक्सफर्डच्या पोरापेक्षा कितीतरी अधिक ठाऊक. एल्विननी पाद्री म्हणून काम करण्याचा परवाना मागितला. बिशपने राजनिष्ठेची शपथ घ्या म्हटले. एल्विन नाही म्हणाले. आपण या देशाच्या स्वातंत्र्याच्या बाजूचे आहोत, मग इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ कोणत्या तोंडाने घ्यावी? शिवाय गोंडांना ख्रिस्ती करण्याचे कामही ते करणार नव्हते. परवाना नाकारला गेला.

या भांडणात बिशप खलनायक आणि एल्विन नायक, असे सांगितले की टाळ्या मिळतात. आम्ही स्वतः संघटना चालवतो, म्हणून आम्हांला ते इतके सोपे वाटत नाही. वूड हे कंटक नव्हते. त्यांनी आयुष्य या मुलखात काढले होते. त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न शिस्तीचा होता. आमच्याही संघटनेत एखादा हुशार, लोकप्रिय कार्यकर्ता म्हणतो की मी काम करीन, पण ठराव मानणार नाही आणि सभासदही करणार नाही. तेव्हा कार्यकारिणीत जी शांतता पसरते ती आम्ही अनुभवली आहे. वूड यांची अडचण आम्हांला कळते. मात्र ज्या पुस्तकावर ते चर्च उभे आहे, त्यात सुताराच्या मुलाने रोमच्या बादशहाशी निष्ठेची शपथ घेतल्याचे कुठे आढळत नाही. राजाची शपथ ही धर्माची नव्हती, सरकारची होती, आणि धर्माच्या पोटात शिरून बसली होती. एल्विननी नेमके तिथे बोट ठेवले. तिसेक वर्षांचा तरुण, पाठीशी पैसा नाही, घरी विधवा आई, देश परका. आणि जो एकच व्यवसाय तो शिकला होता त्याचा परवाना त्याने परत गेलेला पाहिला.

त्याच वर्षी दुसरा प्रसंग आला, आणि तो आम्हांला अधिक बोचतो. एल्विन इंग्लंडला गेले. परतायची वेळ आली तेव्हा सरकारने पासपोर्ट अडवला. राजकारणात पडणार नाही, गोंडांच्या कामापुरतेच राहीन, अशी हमी द्या, मग जा. एल्विननी हमी दिली.

हमीपत्र म्हणजे काय ते या सभेतल्या कामगारांना समजावून सांगायला नको. संप मोडला की फाटकावर एक छापील कागद येतो. चांगली वर्तणूक ठेवीन, गैरकायदा चळवळीत भाग घेणार नाही. खाली अंगठा किंवा सही. आमच्या तरुणपणी एका गिरणीच्या फाटकावर आम्ही सात दिवस असा कागद घेऊन बसलेल्या माणसांना पाहिले आहे. कोणी पहिल्या दिवशी सही केली, कोणी सातव्या, तिघांनी केली नाही. त्या तिघांना आम्ही थोर मानतो. पण सही करून आत गेलेल्यांतल्या एकानेच पुढे दोन वर्षांत पुन्हा सभासद नोंदणी उभी केली, हेही विसरता येत नाही. एल्विन सही करून करंजियाला परत आले नसते, तर बैगा, अगरिया, मुरिया यांच्याविषयी जगाला जे कळले त्यातले बरेचसे कळले नसते. तरीही सही ती सहीच. हमीपत्राची किंमत सही करणाऱ्याला पुढे आयुष्यभर हप्त्याहप्त्याने फेडावी लागते, आणि एल्विन गांधींच्या राजकारणापासून जे दूर गेले त्याची सुरुवात इथे झाली असे आमचे मत आहे.

करंजियात त्यांनी दवाखाना काढला, कुष्ठरोग्यांसाठी घरे बांधली, भोवतालच्या गावांत शाळा काढल्या. बाप्तिस्मा एकालाही दिला नाही. हळूहळू उलटेच झाले. शिकवायला आलेला माणूस शिकू लागला. गोंडांना नाच येत होता, गाणे येत होते, झोपडीत देव येत-जात होते, आणि पाप या शब्दाचा जो अर्थ डोव्हरच्या घरात लहानपणी त्याच्या मनावर बिंबवला होता तो इथे कोणाला ठाऊकच नव्हता. १९३५ च्या नोव्हेंबरात त्यांनी बिशप वूड यांना पत्र लिहिले आणि पाद्रीपण व चर्च दोन्ही सोडले. दीक्षा घेतल्यापासून दहा वर्षांच्या आतच हे झाले.

असे करणारे ते एकटे नव्हते. चार्ल्स अँड्र्यूज हेही अँग्लिकन पाद्री. त्यांनीही १९१४ च्या सुमारास धर्माधिकाराचे काम बाजूला ठेवले, फिजीच्या उसाच्या मळ्यांत जाऊन गिरमिटिया मजुरांचे हाल स्वतः पाहिले, आणि ती गिरमिटाची पद्धत बंद पडेपर्यंत सरकारच्या मागे लागले. आमच्या चळवळीत अँड्र्यूज यांचे नाव घेतात, एल्विन यांचे घेत नाहीत. कारण एल्विन मजुरांविषयी बोलले नाहीत, जमातींविषयी बोलले, असे आम्ही समजतो. हा समज बरोबर नाही, आणि तेवढ्यासाठीच आज आम्ही इथे उभे आहोत.

त्यांची पुस्तके मजुराच्या डोळ्यांनी वाचून पाहा. १९३९ साली ‘द बैगा’ हा ग्रंथ निघाला. बैगा लोक नांगर धरीत नसत, धरतीमातेची छाती फाडणे त्यांना पाप वाटे. ते जंगलाचा तुकडा तोडून, जाळून, राखेत बी टाकीत. त्याला बेवार म्हणतात. आपल्याकडे भामरागडच्या डोंगरात हीच पेंदा. जंगल खात्याने बेवार बंद केली आणि १८९० साली ‘बैगा चक’ म्हणून थोडा भाग आखून दिला, बाकी सगळीकडे मनाई. खात्याला लाकूड हवे होते, लाकूड तोडायला मजूर हवे होते, आणि ज्याच्याजवळ स्वतःची शेती आहे तो मजूर होत नाही. आधी शेती काढून घ्या, मग भूक त्याला कूपावर आणून उभी करते. जंगलातल्या वसाहतींत वनखाते जमीन देई ती या अटीवर, की बोलावले की कामाला यायचे. बेगार हा शब्द कायद्यातून गेला, पण साहेब दौऱ्यावर आला की कोंबडी, तांदूळ आणि पाटीला माणूस हजर, हा रिवाज किती वर्षे टिकला ते आमच्या वयाच्या श्रोत्यांना माहीत आहे.

दुसरा ग्रंथ ‘द अगरिया’, १९४२ चा. हा आम्हांला सर्वांत आवडतो. अगरिया म्हणजे जंगलात दगडातून लोखंड गाळणारी जात. मातीची उंच भट्टी, कोळसा स्वतः पाडलेला, दगड स्वतः वेचलेला, आणि बायको किंवा मुलगा भात्यावर उभा राहून दोन्ही पायांनी भाता दाबतो आहे. लोहासुर त्यांचा देव. पाती, फाळ, कुऱ्हाडी सगळ्या पंचक्रोशीला त्यांनी पुरवल्या. सरकारने भट्टीवर कर बसवला आणि वाढवला. कोळसा पाडायला जंगलात बंदी घातली. बाजारात कारखान्याचे स्वस्त लोखंड आले. भट्ट्या विझत गेल्या. एल्विननी ते गावोगाव फिरून नोंदवले. एक धंदा कसा मरतो याची अशी नोंद गिरणगावातल्या हातमागवाल्यांची कोणी करून ठेवली असती तर बरे झाले असते. धंदा मेला की माणसाचे फक्त पोट जात नाही. त्याचा देव रिकामा बसतो, मुलीचे लग्न ठरत नाही, सण कशासाठी करायचा ते कळत नाही. एल्विननी याला हिंमत खचणे म्हटले आणि १९४१ साली त्यावर वेगळी पुस्तिका लिहिली. आज एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिजाचे ट्रक रांगेने निघतात. त्या खाणीविषयी मते वेगवेगळी आहेत, या सभागृहातही असतील, आणि आजचा तो विषय नाही. पण ट्रक मोजताना अगरियांची गोष्ट आठवावी एवढे आम्ही म्हणू.

पुढे ते बस्तरात गेले, आणि बस्तर म्हणजे आपले शेजारघर. इंद्रावती ओलांडली की झाले. माडिया माणूस ती सीमा मानीत नाही, त्याची सोयरीक दोन्ही काठांवर आहे. १९४३ साली त्यांनी माडियांमधल्या खून आणि आत्महत्या यांवर पुस्तक लिहिले. खुनाचे शंभर खटले तपासून. कोर्टात माडिया आरोपी उभा असतो तेव्हा तो पुष्कळदा सरळ सांगतो, होय, मी मारले. वकील डोक्याला हात लावतो. न्यायाधीशाला वाटते हा निर्ढावलेला आहे. आमच्या एका सभासदाच्या भावाच्या खटल्यात आम्ही दुभाष्याच्या शेजारी बसलो होतो. प्रश्न मराठीत, उत्तर माडियात, आणि मधल्या चार शब्दांत त्या माणसाचे अर्धे आयुष्य गळून पडत होते. एल्विन यांचे पुस्तक न्यायाधीशांनी आणि तुरुंगाधिकाऱ्यांनी वाचावे म्हणून लिहिलेले आहे. राग कशाचा, जादूटोण्याची भीती कशी, शिवी किती खोल लागते, हे कळल्याशिवाय शिक्षा मोजता येत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे.

१९४७ साली मुरियांच्या घोटुलावर जाडजूड ग्रंथ आला. आपल्याकडे गोटुल म्हणतात. त्या ग्रंथाने एल्विन जगभर गाजले आणि गोटुलाची बदनामीही जगभर झाली, कारण आठशे पाने कोणी वाचीत नाही, मधली चार पाने सगळे वाचतात. गोटुलात पोरे झाडलोट शिकतात, पाहुण्याची सोय करतात, गावच्या लग्नामयतीला राबतात, वडीलधाऱ्यांचा शब्द राखतात, हे त्या ग्रंथात तितक्याच विस्ताराने आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने आपले गोटुल पुन्हा उभे केले. तिथे बसून गावाने सगळ्यांच्या संमतीने निर्णय घ्यायची रीत घातली, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली १८०० हेक्टरांवर जंगलाचा सामूहिक हक्क २००९ साली मिळवला. बांबू आपला, वाहतुकीचा परवाना आपला, हे २०११ साली मंत्री गावात येऊन मान्य करून गेले. ज्यांना गोटुल म्हटले की हसू येते त्यांनी हा हिशेब बघावा.

एल्विन यांच्यावर टीका झाली, आणि ती किरकोळ माणसांनी केली नाही. डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३ साली पुस्तक लिहून म्हटले की हे ‘तथाकथित’ आदिवासी वस्तुतः मागासलेले हिंदू आहेत, त्यांना वेगळे ठेवणे म्हणजे मागे ठेवणे. ठक्करबाप्पांचेही मत असेच होते की अलगपणा नको. ‘द बैगा’त एल्विननी बैगांसाठी राखीव मुलूख असावा अशी सूचना केली होती; टीकाकार म्हणाले, हा माणसांचे संग्रहालय करायला निघाला आहे. या टीकेत तथ्य होते. एल्विननी पुढे ती सूचना स्वतःच मागे टाकली. पण घुर्यांच्या बाजूलाही एक प्रश्न विचारायला हवा होता, आणि तो फारसा कोणी विचारला नाही: मिसळायचे ते कोणत्या पायरीवर? आमच्या अनुभवात आदिवासी मुख्य प्रवाहात येतो तो तेंदूच्या फळीवर पुडे मोजून देताना. एका हंगामात आम्ही पाहिले, मुंशी शेकड्यामागे पाच पुडे जास्तीचे घेई, आणि का म्हणून विचारले तर रिवाज म्हणे. बाई काही बोलली नाही. तिने पुडे दिले आणि निघून गेली. अशी मिसळण होणार असेल तर एल्विन यांचे कुंपण काही लोकांना बरे वाटले तर नवल नाही. आता ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या आहेत; तिथे भांडणे आहेत, हिशेबात घोळही आहेत, पण मोजणारा हात गावचा आहे.

दारूच्या बाबतीत मात्र आम्ही एल्विन यांच्या बाजूला नाही. मोहाची दारू देवाला लागते, मयताला लागते, ती घरची आहे. सरकारने ती बंद करून ठेकेदाराची दारू विकली, हा खरा गुन्हा, असे ते म्हणत. ठेकेदाराविषयी ते म्हणतात ते शंभर टक्के खरे. परंतु आपल्या जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी झाली ती बाहेरच्या सुधारकांनी लादली नव्हती. ज्या बाया रात्री मार खात होत्या त्या मोर्चात चालल्या. एल्विन यांच्या पुस्तकांत गाणारी, नाचणारी, शृंगार करणारी बाई पुष्कळ भेटते. मार खाणारी बाई कमी भेटते.

आणि हे बोलताना त्यांच्या लग्नाविषयी गप्प बसणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९४० साली त्यांनी एका राजगोंड मुलीशी लग्न केले. ती त्यांच्याच शाळेत शिकलेली, वयाने फार लहान. बऱ्याच चरित्रांत हे लग्न धाडसाचे म्हणून येते. १९४९ साली घटस्फोट झाला. कोलकात्याच्या कोर्टात, तिच्या गैरहजेरीत. एल्विन पुढे मोठे झाले, दुसरे लग्न केले, आत्मचरित्र लिहिले, आणि त्यात या पहिल्या संसाराला दोन-चार ओळी दिल्या. ती बाई त्याच भागात राहिली, म्हातारी झाली, हलाखीत दिवस काढले आणि २०१० साली वारली. तिची बाजू कोणी तिच्या शब्दांत ग्रंथरूपाने लिहून ठेवली नाही. शंभर खुनांचे कागद धीराने वाचणाऱ्या माणसाकडून घरच्या माणसाचा हिशेब असा राहावा, याचे आम्हांला वाईट वाटते. जमातीवर प्रेम करणे वेगळे आणि जमातीतल्या एका माणसाशी सरळ वागणे वेगळे. आमच्या चळवळीतल्या थोरांच्या घरांतही हे पाहिले आहे.

स्वातंत्र्यानंतर एल्विन परत गेले नाहीत. १९५४ साली त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले आणि त्याच साली ईशान्य सीमाप्रदेशात, आजच्या अरुणाचलात, सरकारचे आदिवासी सल्लागार म्हणून शिलाँगला गेले. त्यांच्या १९५७ च्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीला पंडित नेहरूंनी प्रस्तावना लिहिली. तिच्यात जी पाच सूत्रे आली त्यांना आदिवासी पंचशील म्हणतात. लोकांनी आपल्या वळणाने वाढावे, जमीन आणि जंगल यांवरचा त्यांचा हक्क राखावा, त्यांच्यातलीच माणसे कामासाठी तयार करावीत, योजनांचा मारा करू नये, आणि किती पैसा खर्च झाला यावर काम मोजू नये. १९६० साली आदिवासी विकास गटांची पाहणी करणाऱ्या समितीचे एल्विन अध्यक्ष होते. इमारती पुष्कळ, त्यांत राहणारे थोडे, असा प्रकार त्यांनी ठिकठिकाणी पाहिला आणि अहवालात लिहिला. तो अहवाल आज आपल्या जिल्ह्यातल्या काही आश्रमशाळांकडे घेऊन जावा, फक्त साल बदलावे लागेल.

१९६१ साली पद्मभूषण मिळाले. २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत ते वारले. अखेरच्या वर्षांत त्यांचे मन बुद्धाकडे वळले होते आणि शिलाँगला त्यांचे दहन बौद्ध पद्धतीने झाले. बिशपच्या मुलाची ही अखेर. ज्या चांद्यातून वूड बिशप झाले, त्याच चांद्यात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखो लोकांना बुद्धाची दीक्षा दिली होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. आम्हांला त्या शेजारी ठेवाव्याशा वाटल्या एवढेच.

पाटणगढ नावाच्या गावात एल्विन आणि शामराव पुष्कळ वर्षे राहिले. त्याच गावात पुढे जनगढसिंह श्याम नावाचा परधान मुलगा वाढला, घराच्या भिंतींवर चित्रे काढू लागला, आणि त्याच्या चित्रांतून गोंड चित्रकलेची एक शाळाच निघाली. आज तिची चित्रे शहरांतल्या बैठकांत लागतात. जनगढ २००१ साली जपानात, घरापासून हजारो मैलांवर, वारला. त्याच्यावर बोलायला आमच्यापेक्षा अधिकारी माणूस पुढल्या वर्षी चालकांनी बोलवावा.

तेंदूचा हंगाम तोंडावर आहे. उद्या सकाळी आम्हांला धानोऱ्याकडे निघायचे आहे. तेव्हा ज्यांना प्रश्न विचारायचे असतील त्यांनी आताच विचारावेत.